उरलेला गाल

बाबा गेल्याने ताईच्या पदरात काय पडणार, हा हिशेब कुणीही बसल्या जागी केला असता. दुकान थोरल्या भावाकडे होतंच. अर्धी गिऱ्हाइकं आणि भिंतभर आरसा धाकट्याने केव्हाच नेला होता, रस्त्यापलीकडे स्वतःचं सलून थाटलं तेव्हा. उरली बाबांची मधली खुर्ची. ती थोरल्याने धाकट्याला नेऊ दिली नाही आणि स्वतःही वापरली नाही, त्यामुळे भांडणाच्या दिवसापासून तिच्या हातांवर ओले टॉवेल वाळत. टॉवेल मात्र पहिल्यापासून ताईचे. टॉवेल, केर, गल्ला आणि गिऱ्हाइकांच्या रडक्या पोरांना गप्प करणं, एवढी इस्टेट तिला न मागता मिळाली होती. तिच्यात वाटा मागायला मात्र कुणीच आलं नव्हतं.

मागायचंच झालं असतं तर तिला एक गोष्ट हवी होती. त्या मधल्या खुर्चीमागे, हातात वस्तरा घेऊन उभं राहायचं होतं. हे तिने एकदाच बोलून दाखवलं, शाळा संपली त्या वर्षी. बाबांनी तिच्या हाताकडे बघितलं आणि म्हणाले, "डावरी आहेस गं. डाव्या हातात वस्तरा बघून गिऱ्हाईक खुर्चीसकट पळेल." दुकान हसलं. तीही हसली आणि झाडू उचलला. पुढे दोन्ही भाऊ एकामागोमाग एक त्या खुर्चीशी शिकले, तिच्यापेक्षा लहान असून.

आणि आता, रविवारी सकाळी, वृद्धनिवासाच्या त्या खोलीत बाबा उशीवर शांत पडले होते, आणि त्यांची दाढी अर्धी झालेली होती.

डावा गाल साबणाच्या वडीसारखा गुळगुळीत. उजव्या गालावर आठवडाभराचे पांढरे खुंट. मधली रेघ नाकाखालून निघून हनुवटीवरून सरळ गळ्यापर्यंत गेलेली. रंगाऱ्याने भिंत अर्धी रंगवावी आणि चहाला म्हणून जावं ते परत येऊच नये, तसं दिसत होतं.

रंगारी ताईच होती. काल संध्याकाळी डावी बाजू उरकून ती वाटीतलं पाणी बदलायला उठली, तेव्हा बाबा म्हणाले होते, "पुरे आता. पाणी गार झालं. उरलेलं उद्या." आणि लगेच घोरायला लागले. शेवटचे शब्द म्हणून कुठे कोरून ठेवावेत असं त्यात काही नव्हतं. पहाटे झोपेतच गेले.

"घाई कसलीच नाही," मेट्रनबाई म्हणाल्या. त्या दारातून आत आल्या त्या खुर्ची ओढून बसल्याच. उभ्याने बोलणं त्यांना अशा दिवशी बरं वाटत नसे. "डॉक्टर बघून गेल्या. त्यांचा दाखला दुपारपर्यंत हातात येईल, गाडी त्यानंतरच बोलवायची. तोवर खोली तुमची. बसा, बोला त्यांच्याशी, काही वाटून घेऊ नका. हीटर आम्ही बंद केलाय, खिडकी थोडी उघडी ठेवलीय, थंडी वाजली तर शाल मागा. थोड्या वेळाने आमचा पैलवान येऊन अंग पुसेल, कपडे घालेल. घरच्यांना हात लावायचा असेल तर लावा, नसेल तर बाहेर बसा. दोन्ही चालतं. काही लोकांना जमत नाही."

"आम्हाला जमेल," ताई म्हणाली.

"तुम्हाला जमेलच." मेट्रनबाईंनी अर्ध्या दाढीकडे बघितलं आणि नजर हलकेच काढून घेतली. खोलीत वस्तरा वापरायची परवानगी त्यांनीच दिली होती, ताईच्या जबाबदारीवर. "सामान न्यायला आठवडा आहे. औषधं तेवढी आम्ही ठेवून घेतो. चष्मा, कानाचं मशीन तुमचं. आणि एक सांगून ठेवते, आमचे लोकही रडतील. घरच्यांना कधीकधी ते विचित्र वाटतं."

त्या उठल्या आणि जाताना दाराच्या मुठीला निळा टॉवेल अडकवून गेल्या. इथे त्याचा अर्थ असा की दार वाजवायचं नाही.

टॉवेल बघून ताईला जरा घरच्यासारखं वाटलं.

थोरला आला तो बायकोसकट. धाकटा त्यांच्या मागोमाग, पण जिन्यात मुद्दाम मागे राहून, म्हणजे एकत्र आले असं दिसायला नको. थोरला बाबांना भेटायला रविवारी येई आणि धाकटा सोमवारी, हीही त्या आरशाच्या भांडणातली वाटणी. आज दोघं पलंगाच्या दोन बाजूंना उभे राहिले, डोळे पुसले, आणि पुसून झाल्यावर दोघांनाही एकदमच दिसलं.

"हे काय आहे?" थोरला म्हणाला.

"अर्धीच?" धाकटा म्हणाला.

"हे असं सोडतात माणसाला?"

"दुसऱ्या कुणाचा बाप असता तर एक वेळ समजलो असतो. हा माणूस आयुष्यभर दुसऱ्यांच्या दाढ्या करत आला."

"बोलाव त्याला. तो धिप्पाड आहे ना, त्याचंच काम."

आरशानंतर पहिल्यांदा दोघा भावांचं एकमत झालं होतं, आणि ते फुटलं निरपराध माणसाच्या डोक्यावर. पैलवान तेवढ्यात कोमट पाण्याचं भांडं घेऊन आत आला. अंगाने दाराएवढा, पण निवासातल्या म्हाताऱ्यांची बटणं लावताना त्याची बोटं इतकी हलकी चालत की बाबा म्हणत, हा चुकून दुसऱ्या धंद्यात गेला.

"हे काय केलंस तू?" थोरल्याने विचारलं.

पैलवानने भांडं ठेवलं. बाबांकडे बघितलं, मग ताईकडे, मग खाली.

"बोल की. अर्धवट का सोडलंस? जेवायला गेलास?"

"तक्रार करायची," धाकटा म्हणाला. "तुझ्या वर कोण बसतं इथे?"

"मेट्रनबाई," पैलवान म्हणाला. बाकी काही बोलला नाही. ताईने त्याला पहिल्याच शनिवारी सांगितलं होतं की हे माझ्या भावांना कळू द्यायचं नाही, आणि शब्द दिला म्हणजे दिला, अशा जुन्या वळणाचा तो माणूस. त्याची मान खाली आणि कान लाल.

ताईने तोंड उघडलं. नेहमीच्या सवयीने परत मिटलं. तिला वाटलं, एवढं ओरडून दमतील, मग पाणी प्यायला जातील, तेवढ्यात उजवी बाजू उरकून टाकता येईल. या घरात ती अशीच जगली होती. दोघं भांडून बाहेर गेले की आत येऊन केर काढायचा.

"मशीन आण तुझं," थोरला म्हणाला. "कुठल्या मशीनने केलंस ते बघू दे."

"साहेब, बाबांना मशीन चालायचं नाही. गवत कापायचं यंत्र म्हणायचे."

"मग हे कशाने..." म्हणत थोरल्याने बाबांच्या डाव्या गालाला हात लावला.

बापाच्या गालाला हात लावायची त्यांच्या घरात पद्धत नव्हती. दर रविवारी तो समोरच्या खुर्चीत बसायचा, हवापाण्याचं बोलायचा, जायचा. आज पहिल्यांदा बोटाची मागची बाजू कानापासून खाली, मग उलटी वर गेली. त्याचं बोट जबड्याखाली थांबलं. बाबांच्या जबड्याखाली डाव्या अंगाला केसांचा भोवरा होता. तिथे नवखा वस्तरा अडकायचा नाहीतर कापायचा. तिथून वस्तरा आडवाच न्यावा लागतो, आणि हे बाबांनी स्वतःच्या गळ्यावर हात ठेवून दोघांना शिकवलं होतं.

"हा वस्तरा आहे," थोरला हळू म्हणाला.

धाकट्यानेही वाकून बोट फिरवलं. "भोवऱ्यावरून आडवा गेलाय."

"हा आपला हात आहे."

दोघांनी माना वर केल्या आणि पलंगावरून एकमेकांकडे बघितलं. या घरात वस्तरा धरणारे जिवंत हात किती, याचा हिशेब दोघांनीही एका क्षणात केला, दोघांचंही उत्तर सारखंच चुकलं.

"म्हणजे तूच," थोरला म्हणाला. "सोमवारी येतो म्हणायचं आणि शनिवारी गुपचूप येऊन दाढी करून जायचं. मला दाखवायला."

"मी? वा. रविवारी लवकर यायचं, दाढी करायची, आणि सोमवारी मी आलो की बाबा असे चकाचक. मला काय कळत नव्हतं?"

"बाबांचा काळ्या मुठीचा वस्तरा तुझ्याकडेच आहे तर."

"माझ्याकडे? तो तू लपवलास म्हणून मी सगळीकडे सांगत फिरतोय."

"सगळीकडे म्हणजे कुठे?"

"अहो, हळू," थोरल्याची बायको म्हणाली. "बाजूच्या खोलीत लोक न्याहारी करतायत." पण तिचं लक्ष नवऱ्याकडे नव्हतंच. ती केव्हापासूनची ताईच्या मांडीवरच्या पिशवीकडे बघत होती.

पैलवानने भांडं उचललं आणि तो निघाला. दारापाशी थोरल्याने त्याला हटकलं, "थांब तू. तुझं अजून संपलेलं नाही."

तेव्हा ताई उठली.

"त्याला जाऊ दे. मी केली."

"काय केलीस?"

"दाढी."

धाकटा हसलाच. "ताई, ही वेळ आहे का?"

ताईने पिशवी उघडली आणि बाबांच्या पांघरुणावर वस्तरा ठेवला. काळी मूठ, टोकाला पितळेची टिकली. दोघं भाऊ त्याच्याकडे असे बघायला लागले की जणू मेलेला माणूस उठून बसला.

"कुठे मिळाला?"

"इथेच. मोज्यांच्या खणात होता. बाबांचे हात कापायला लागले तेव्हा त्यांनी काढून दिला. म्हणाले, तू कर, इथल्या गिऱ्हाइकाला पळून जायला पाय कुठेत?"

"आणि आम्हाला सांगायचं नाही?"

"नको म्हणाले. पोरांना कळलं तर आणखी एक वाटणी होईल म्हणाले."

ते खरंच होतं.

"पण तुला शिकवलं कुणी?" थोरला म्हणाला. त्याला अजून पटत नव्हतं. त्याने पुन्हा बाबांच्या गालाला हात लावला, पावती तपासावी तसा. "हे बघून येत नाही."

"तुम्हा दोघांना शिकवत होते तेव्हा मी गल्ल्यावर बसून काय करत होते? समोर अख्खी भिंत आरसा होता. बाबांची पाठ माझ्याकडे आणि हात आरशात. वर्षानुवर्षं तेच बघितलं."

धाकट्याच्या डोक्यात उजेड पडला. आरसा त्याच्याच सलूनमध्ये असल्यामुळे असेल कदाचित. "म्हणून डावीकडून. आपण सगळे उजव्या गालापासून सुरू करतो. आरशात उलटं दिसतं. तू उलटं शिकलीस."

"मला ते सुलटंच पडलं. हात डावा आहे ना."

"मला माहीत होतं," थोरल्याची बायको म्हणाली.

"तुला काय माहीत होतं?" नवऱ्याने विचारलं.

"शनिवारी परत यायच्या तेव्हा ताईंच्या बाह्या ओल्या असायच्या, आणि चेहरा असा, जत्रेतून आल्यासारखा. मी विचारलं नाही. त्यांच्या वाटणीला आलेलं काहीतरी आहे, त्यांच्याकडेच राहू दे म्हटलं."

ताई तिच्याकडे बघून हसली. इतकी वर्षं एका घरात राहून, ही बाई आपल्या बाजूची आहे हे तिला आज कळत होतं.

थोरला खिडकीपाशी गेला. खाली पार्किंगमध्ये त्याची गाडी दिसत होती. मग पाठमोराच म्हणाला, "मी दर रविवारी पिशवी घेऊन यायचो. ब्रश, साबण, वस्तरा. म्हणायचो आज बाबांना विचारू. आत यायचो तर त्यांची दाढी झालेली. मला वाटायचं हा करून गेलाय. पिशवी गाडीतच राहायची."

"आजही आहे गाडीत," त्याची बायको म्हणाली.

"माझीपण," धाकटा म्हणाला. त्याने जॅकेटच्या खिशातून वस्तऱ्याला धार लावायचा, गुंडाळलेला चामड्याचा पट्टा काढून दाखवला आणि परत ठेवला. "मला वाटायचं, आता आपलं काम नाही इथे."

ताई पलंगाच्या कडेवर बसली. सकाळपासून ती जमेच्या बाजूचाच विचार करत होती: सांगितलं तर काय मिळेल, नाही सांगितलं तर काय राहील. दर शनिवारी तो गाल आपला करून घेताना तो दुसऱ्या कुणाकडून जातोय, हे तिच्या डोक्यातही आलं नव्हतं. दोन माणसं आठवड्यामागून आठवडा हत्यारं घेऊन यायची आणि बापाच्या गुळगुळीत गालाकडे बघून परत जायची. बाबांना हे ठाऊक असेल का? नसावं. बाबांना पाणी गरम आहे की गार, एवढंच ठाऊक असायचं.

"काल अर्धी का राहिली?" थोरल्याने विचारलं.

पाणी गार झालं होतं, हे उत्तर तिच्या ओठांवर तयार होतं.

"बाबाच म्हणाले," ती म्हणाली. "एक बाजू तुझी झाली, उरलेली राहू दे. ती पोरांची."

पैलवान दारातच उभा होता. काल रात्री बाबांना पांघरूण त्यानेच घातलं होतं, आणि ते काय बोलले आणि काय नाही हे त्याला चांगलंच माहीत होतं. त्याने भांड्यात बोट बुडवून बघितलं.

"पाणी गार झालं," तो म्हणाला. "दुसरं आणतो."

थोरल्याने गाडीतून ब्रश आणि साबण आणला. फेस त्याने केला, वाटीत नाही, तळहातावर, बाबांसारखा. धाकट्याने पट्ट्याचं एक टोक खिडकीच्या कडीला अडकवलं आणि काळ्या मुठीचा वस्तरा त्यावर चार हात परजून घेतला. मग अडचण आली ती वेगळीच. जिवंत गिऱ्हाईक गाल फुगवतं, मान वळवतं, ओठ आत ओढतं. अर्धं काम तेच करतं. बाबा काहीच करत नव्हते.

"कातडी ताणून धर," थोरला म्हणाला.

"कोण, मी?"

"मग मी दोन हातांनी वस्तरा धरू का?"

धाकट्याने कानापाशी अंगठा ठेवून कातडी वर ताणली. थोरल्याने वरून गाल घेतला, एकाच लांब ओढीत, मग थांबला, नाक पुसलं. गळा धाकट्याने घेतला आणि थोरल्याने ताणून धरलं. दोघांची डोकी इतकी जवळ आली की एकाचं टक्कल दुसऱ्याला पहिल्यांदाच नीट दिसलं असावं.

"मागे बरंच गेलंय तुझं," धाकटा म्हणाला.

"तुझ्याकडे येत नाही ना कापायला, म्हणून राहिलंय तेवढं तरी."

थोरल्याची बायको हसली, पैलवान हसला, आणि ताईने गरम टॉवेल पिळून दिला. हनुवटीवर मधोमध, जिथे तिची रेघ आणि त्यांची रेघ मिळत होती, तिथे एक बारीक पट्टी राहिली. दोघांनी हात थांबवले. थोरल्याने वस्तरा मिटला नाही. मूठ तिच्याकडे करून पुढे धरला.

ताईने डाव्या हातात घेतला. दोघं भाऊ तिच्या हाताकडे बघत राहिले. कुणीही खुर्चीसकट पळालं नाही.

दाखला दुपारी आला, त्याच्यामागोमाग गाडी. मेट्रनबाईंनी पुढचं दार दोन्ही बाजूंनी उघडायला लावलं. "आले त्या दाराने जातात," त्या म्हणाल्या. "मागचं दार भाजीपाल्याचं." व्हरांड्यात निवासातले लोक रांगेने उभे होते. ज्यांना उभं राहता येत नव्हतं ते खुर्चीत ताठ बसले होते. स्वयंपाकघरातल्या बायका खरोखरच रडत होत्या आणि कुणालाच ते विचित्र वाटलं नाही. बाबांच्या टेबलावर जेवणारे रिटायर्ड पोस्टमास्तर टोपी काढून पुढे झाले, बाबांचा चेहरा दोन्ही बाजूंनी नीट बघितला, आणि ताईला म्हणाले, "सुंदर झालीय. बाई, तुमच्या शनिवारचं आता काय?"

"का हो काका?"

त्यांनी स्वतःच्या खरखरीत गालावरून हात फिरवला. "नाही, आपलं विचारलं."

"येते शनिवारी."

"शनिवारी दुकानात गर्दी असते," थोरला घाईने म्हणाला. "मधली खुर्ची मी उद्या पुसून ठेवतो. टॉवेल दुसरीकडे वाळतील."

"माझ्याकडे पण जागा आहे," धाकटा म्हणाला. "आणि आरसाही आहे. तू आरशातूनच शिकलेली."

आयुष्यात पहिल्यांदा ताईची अशी ओढाताण होत होती. तिने ती जरा वेळ चालू दिली, मजा घेतली.

"खुर्ची याच्याकडे, आरसा त्याच्याकडे," ती शेवटी म्हणाली. "मी काय रस्त्याच्या मध्ये उभी राहू? आधी दोन्ही एका भिंतीशी आणा. कुठल्या, ते तुम्ही बघा. आणि पोस्टमास्तरांचा शनिवार माझा, तो कुणाला द्यायचा नाही."

दोघांनी एकमेकांकडे बघितलं.

"आरसा दोघांनी उचलला तर येईल," धाकटा म्हणाला. "एकट्याने नाही यायचा. नेला तेव्हाही सोबत हमाल लागला होता."

"दोघांत नेऊ," थोरला म्हणाला.

तेव्हा त्या दिवसाचा हिशेब असा झाला. थोरल्याने मधली खुर्ची दिली. धाकट्याने आरसा दिला. थोरल्याच्या बायकोने आपलं एक गुपित मोकळं केलं, आणि मिळालेलं हसू ठेवून घेतलं. पैलवानने ऐकून घेतलं, फुकट, आणि वर पाणीही दोनदा गरम करून आणलं. बाबांनी काहीच दिलं नाही, त्यांनी फक्त पाणी गार झालं म्हणून डोळे मिटले. आणि ताईने आपल्या उभ्या जन्मातलं एक पक्कं, बिनतोड खोटं खर्ची घातलं, ज्याची परतफेड तिला कुणाकडूनही नको होती.